गव्हाच्या बिअरमध्ये केळं कुणी घातलं?

प्रश्न : ऑफिसातल्या मंडळींबरोबर पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत गेलो होतो. लहान लहान ग्लासांत चार बिअर चाखायला दिल्या. त्यातली हेफेवाइझन नावाची पिवळसर, गढूळ बिअर नाकाशी नेली आणि थेट पिकलेल्या केळ्याचा वास आला, मागोमाग लवंगेचा. मित्र म्हणाला, "केळ्याचा इसेन्स टाकतात." वेटर म्हणाला, "नाही सर, नॅचरल आहे." खरं काय? आणि काचेपलीकडे त्या चकचकीत टाक्या असतात, त्यांत नेमकं काय चाललेलं असतं? आत जाऊन बघता येतं का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : वेटरचं म्हणणं बरोबर आहे. नीट केलेल्या हेफेवाइझनमध्ये केळं नसतं, इसेन्स नसतो आणि लवंगही नसते. गहू, सातू, हॉप्स, पाणी आणि यीस्ट, संपली यादी. पण तुमच्या मित्राच्या नाकालाही दोष देता येणार नाही. ज्या रसायनामुळे केळ्याच्या इसेन्सला वास येतो, तेच रसायन या बिअरमध्ये खरोखरच असतं. त्याचं नाव आयसोअमाइल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्यातही तेच असतं. गंमत म्हणजे मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना सावध करणारा जो गंध सोडते, त्यातही हे रसायन असतं. निसर्ग एकच वस्तू किती ठिकाणी वापरतो, बघा.

आता हे बिअरमध्ये आलं कुठून? त्यासाठी टाक्यांपर्यंत जावं लागेल, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही वाटेतच मिळेल.

सुरुवात माल्टपासून. धान्य भिजवायचं, मोड आणायचे आणि मोड फार वाढायच्या आत ते वाळवून-भाजून थांबवायचे. तान्ह्या बाळासाठी घरोघरी नाचणीचं सत्त्व करतात तीच ही रीत, फक्त नाचणीच्या जागी सातू आणि गहू. मोड येताना दाण्यात जी विकरं जागी होतात, ती पिठूळ स्टार्चची साखर करू शकतात. हेफेवाइझनसाठी निम्मं किंवा त्याहून जास्त माल्ट गव्हाचं असतं. जर्मनीत ही अट पाळल्याशिवाय गव्हाची बिअर म्हणताच येत नाही.

ब्रुअर हे माल्ट भरडतो आणि गरम पाण्यात कालवतो. साधारण पासष्ट अंशांच्या आसपास तासभर ठेवलं की विकरं आपलं काम करतात आणि पाणी गोड होतं. चोथा मागे ठेवून हे गोड पाणी, म्हणजे वॉर्ट, वेगळं काढतात. मग हॉप्सची फुलं किंवा त्यांच्या गोळ्या घालून ते तासभर उकळतात. हॉप्समुळे कडवटपणा येतो आणि बिअर टिकते. उकळून झालं की वॉर्ट झपाट्याने थंड करून आंबवायच्या टाकीत सोडतात. इथपर्यंत त्यात केळ्याचा मागमूसही नसतो. वॉर्ट चाखायला मिळाला तर जरूर चाखा. गोड, चिकट, भाजक्या धान्याच्या वासाचा, शेवटी जरासा कडवट. त्यात दारू नाही, फेस नाही, केळं तर नाहीच.

मग ब्रुअर त्यात यीस्ट सोडतो आणि खरी बिअर इथून पुढे होते. ब्रुअर वॉर्ट करतो, बिअर करतं ते यीस्ट. क्राफ्ट बिअरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी हीच सांगेन. बाहेरच्या गप्पांत माल्ट आणि हॉप्सचं कौतुक फार होतं, कारण ती डोळ्यांना दिसतात, मुठीत घेता येतात. यीस्ट दिसत नाही म्हणून मागे राहतं. तुम्हाला आलेला वास मात्र सर्वस्वी त्याची कमाई आहे.

यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायॉक्साइड करतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण नुसत्या साखरेवर कुठलाच जीव वाढत नाही. यीस्टला प्रथिनांसाठी अमिनो आम्लंही लागतात, ती माल्टमधून मिळतात. ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लातला नायट्रोजन काढून घेतल्यावर उरलेल्या सांगाड्याचं यीस्ट आयसोअमाइल अल्कोहोल करतं आणि पुढे त्याला ॲसिटेट जोडतं. झालं केळं तयार. सगळीच यीस्ट हे थोड्याफार प्रमाणात करतात, पण बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरची यीस्ट इतकं करतात की कुणालाही सांगावं लागत नाही.

लवंगेची हकिगत याहून रंजक आहे. धान्याच्या पेशींच्या भिंतीत फेरुलिक आम्ल असतं. काही यीस्ट त्यातला कार्बन डायॉक्साइड काढून टाकतात आणि मागे उरतं ४-व्हिनाइल ग्वायाकॉल. लवंगेतल्या युजेनॉलचं हे जवळचं नातलग, म्हणून वास ओळखीचा. बहुतेक सगळ्या बिअरमध्ये हा वास दोष मानला जातो. शतकानुशतकं ब्रुअर लोकांनी चांगल्या लागलेल्या बिअरचं यीस्ट पुढच्या खेपेला वापरायचं आणि लवंगेचा, औषधी वास आलेलं टाकून द्यायचं, असं केलं. नकळत केलेली ही निवड इतकी पक्की झाली की बहुतेक ब्रुअरी-यीस्टमध्ये हे काम करणारी जनुकंच मोडून पडली. २०१६ साली बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी दीडशेहून जास्त यीस्टचे जनुकसंच वाचले, तेव्हा हे स्पष्ट दिसलं. हेफेवाइझनची यीस्ट मात्र संकरित निघाली. बाकीचा बराचसा वारसा बिअर-यीस्टचा, पण लवंगेचा वास करणारी धडधाकट जनुकं दुसऱ्या घराण्यातून आलेली. म्हणजे बव्हेरियन लोकांनी इतरांनी नाकारलेला वास मुद्दाम जपला.

आता ब्रुअरचं कसब कुठे, असं तुम्ही विचाराल. ते तापमानात आहे. यीस्ट जरा उबेत आंबवलं, वीस-बावीस अंशांकडे नेलं, की केळं वाढतं. सतरा-अठरावर ठेवलं की केळं मागे सरतं आणि लवंग पुढे येते. माल्ट कालवताना सुरुवातीला पाणी पंचेचाळीस अंशांच्या आसपास थोडा वेळ धरलं, तर फेरुलिक आम्ल जास्त सुटतं आणि लवंग गडद होते. यीस्ट कमी घातलं तर त्याला जास्त पिढ्या वाढवाव्या लागतात, आणि त्याने बहुधा केळं वाढतं. बव्हेरियातल्या काही जुन्या ब्रुअऱ्यांत अजून उथळ, उघड्या टाक्यांत आंबवतात. उंच टाकीत तळच्या यीस्टवर वरच्या द्रवाचा आणि विरघळलेल्या वायूचा दाब पडतो आणि त्याने सुगंध दबतो. उघड्या टाकीत तो मोकळा होतो. म्हणून एकाच कृतीची, एकाच यीस्टची बिअर पुण्यातल्या दोन ठिकाणी वेगळी लागते, आणि एकाच ठिकाणीही उन्हाळ्यात आणि थंडीत थोडी बदलू शकते. मला यात दोष वाटत नाही. हाताने केलेली वस्तू आहे, दर खेपेला तंतोतंत तीच चव हवी असेल तर बाटलीतली बिअर आहेच.

बाटलीत हा वास का नसतो, तेही इथेच सांगतो. आपल्याकडची बाटलीतली बहुतेक बिअर लागर जातीची असते. ती आठ ते बारा अंशांच्या गारठ्यात वेगळ्या जातीच्या यीस्टने सावकाश आंबवतात, मग शून्याच्या आसपास मुरवतात, गाळतात, पाश्चराइझ करतात. चव स्वच्छ राहावी म्हणूनच हे सगळं करतात. हेफेवाइझन गाळत नाहीत. तुमच्या ग्लासातला गढूळपणा म्हणजे गव्हाची प्रथिनं आणि तरंगणारं यीस्ट.

या बिअरला इतिहासही मोठा आहे. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट इथे जो प्रसिद्ध फतवा काढला, त्यात बिअर फक्त सातू, हॉप्स आणि पाण्याचीच करावी असं म्हटलं होतं. यीस्टचा त्यात उल्लेख नाही, कारण ते काय असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. गहूही नाही, तो पावासाठी राखायचा होता. मग गव्हाची बिअर टिकली कशी? डेगेनबेर्ग नावाच्या एका सरदार घराण्याला ती करायचा खास हक्क होता. १६०२ मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हक्क ड्यूक पहिल्या माक्सिमिलियानकडे आला. त्याने लगोलग ठिकठिकाणी सरकारी ब्रुअऱ्या उघडल्या आणि जी बिअर इतरांना करता येत नव्हती तिच्यावर राज्याचा खजिना भरला. पुढे लोकांची आवड बदलली आणि गव्हाची बिअर जवळजवळ विस्मृतीत गेली. १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडर या ब्रुअरने राजघराण्याकडून तो हक्क मिळवला आणि म्युनिकमध्ये पुन्हा ती करायला घेतली. त्याने हे केलं नसतं, तर तुमच्या ग्लासात ते केळं आलं असतं की नाही, शंकाच आहे.

यीस्ट म्हणजे काय, हे त्याच काळात उलगडत होतं. लुई पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ चा. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवला आणि कार्ल्सबर्गने तो दडवून न ठेवता इतर ब्रुअऱ्यांना वाटला. आज पुण्यातला ब्रुअर पाकिटातून किंवा बाटलीतून विशिष्ट जातीचं यीस्ट मागवतो, त्याची मुळं या कामात आहेत. गव्हाच्या बिअरसाठी जगभर सर्वांत जास्त वापरलेल्या वाणांपैकी एक म्युनिकजवळच्या वाइहेनश्टेफानच्या संग्रहातला आहे, डब्ल्यू ६८ या नावाने ओळखला जाणारा.

आता आत जाऊन बघण्याविषयी. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, आणि आज शहरात अशी बरीच ठिकाणं आहेत. तुम्ही संध्याकाळी गर्दीत गेलात तर कुणी टाक्यांपर्यंत नेणार नाही. मधल्या वारी, दिवसा, आदल्या दिवशी फोन करून विचारा, "उद्या ब्रू लावणार आहात का?" या प्रश्नाने ब्रुअर मंडळी खूश होतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांना आपलं काम आवडतं त्यांना ते कुणाला तरी दाखवायचं असतंच. पायांत बंद बूट घाला, जमीन ओली असते आणि टाक्या धुवायला कॉस्टिक वापरतात. ब्रुअरचा निम्म्याहून जास्त दिवस धुण्यातच जातो, हेही तिथे कळतं.

आत गेल्यावर आधी माल्टचे चार दाणे मागून चावून बघा. फिकट माल्टला बिस्किटासारखी चव, काळ्या माल्टला कॉफीसारखी. मग आंबवायच्या टाकीजवळ थांबा. ती उंच, खाली शंकूसारखी निमुळती असते आणि तिच्या माथ्यातून एक नळी उतरून पाण्याच्या बादलीत बुडवलेली असते. यीस्ट ऐन भरात असेल तर बादलीतून सतत बुडबुडे येतात, पाण्यावर मळकट, तपकिरी फेस जमलेला असतो, आणि त्या बादलीभोवती केळ्याचा वास ग्लासातल्यापेक्षा दाट दरवळत असतो. लांबूनच वास घ्या, तोंड खाली नेऊ नका, कारण कार्बन डायॉक्साइड नाकात सुईसारखा टोचतो आणि कोंदट जागेत तो धोक्याचा असतो. टाकीवर तापमानाचा आकडा दिसतो. तो बघा आणि ब्रुअरला विचारा, "इतकंच का ठेवलंय?" एवढ्या एका प्रश्नातून तुम्हाला त्याचं सगळं धोरण कळेल.

बिअरच्या चवीतले दोषही याच टाकीपाशी समजून घ्या. बिअरला लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास येत असेल, किंवा कच्च्या हिरव्या सफरचंदाचा, तर बहुधा घाई झालेली असते. यीस्ट शेवटी शेवटी आपणच केलेली ही रसायनं परत शोषून घेतं, पण त्याला तेवढे दिवस द्यावे लागतात. शनिवारच्या गर्दीसाठी टाकी दोन दिवस आधी रिकामी केली की ते ग्लासात कळतं.

आणि एक आग्रह. हेफेवाइझन बर्फासारखी गार मागू नका आणि त्यात लिंबाची फोड टाकू देऊ नका. गारठ्यात वास उडत नाही आणि लिंबू फेस मारतं, वर स्वतःचाच वास पसरवतं. ग्लास आल्यावर एकदा वास घ्या, आठ-दहा मिनिटं थांबून पुन्हा घ्या. पहिल्यांदा नुसतं केळं आलं असेल, तर दुसऱ्यांदा लवंग सापडेल. सोबत कोळंबी किंवा बोंबील तळून घ्या. तेलकट, खाऱ्या खाण्यावर या बिअरचा फेस फार छान काम करतो.

प्रश्न : बेल्जियन विट नावाच्या बिअरमध्ये संत्र्याचा आणि धण्याचा वास येतो. तीही यीस्टचीच करामत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, तिथे खरोखरच धणे आणि संत्र्याची वाळलेली साल घालतात. त्या बिअरमध्ये मोड न आणलेला गहू असतो. बेल्जियमच्या होगार्डन गावातली अशी शेवटची ब्रुअरी १९५० च्या दशकात बंद पडली होती. त्याच गावातल्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने तरुणपणी त्या ब्रुअरीत हाताखाली काम केलेलं होतं. १९६० च्या दशकात त्याने ती बिअर पुन्हा सुरू केली. आज जगभर मिळणारी विट त्याच्यामुळे आहे. पुण्या-मुंबईत ही आणि हेफेवाइझन बहुतेक ठिकाणी शेजारीशेजारी मिळतात. दोन्ही लहान ग्लासांत मागवा आणि एकाआड एक हुंगा. घातलेला मसाला आणि यीस्टने केलेला मसाला यांतला फरक कुठल्याही लेखापेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : मायक्रोब्रुअरीतली बिअर घरी आणली तर किती दिवस टिकते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बाटलीत भरून मिळाली तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. गाळलेली, पाश्चराइझ केलेली नसल्याने ती नाजूक असते. केळ्याचा वास तर आधी जातो. हवा लागली की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि ऊन लागलं तर हॉप्समधली द्रव्यं तुटून घाणेरडा वास येतो. गाडीत मागच्या काचेशी ठेवून पुण्याहून नाशिकला न्यायची ही वस्तू नाही. जिथे होते तिथेच बसून प्यावी.

प्रश्न : मुलगी म्युनिकला शिकते. उन्हाळ्यात आम्ही दोघं जाणार आहोत. एखादी ब्रुअरी बघायची तर कुठली?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वेळ कमी असेल तर फ्रायझिंगला जा. म्युनिकहून एस-१ लोकल थेट जाते. तिथल्या टेकडीवर वाइहेनश्टेफान आहे. १०४० पासूनचा दाखला सांगणारी, आज बव्हेरिया राज्याच्या मालकीची, शेजारीच विद्यापीठ आणि त्यात बिअरशास्त्राचे वर्ग. वर उल्लेखलेलं यीस्ट इथलंच.

पूर्ण दिवस असेल तर मात्र केल्हाइम. श्नायडर घराण्याने १९२७ मध्ये तिथली जुनी ब्रुअरी घेतली. तीच, जी माक्सिमिलियानच्या काळापासून गव्हाची बिअर करत होती. म्युनिकमधली त्यांची जागा १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली आणि ब्रुअरीचं सगळं काम केल्हाइमला गेलं. गावातून डॅन्यूब नदीच्या घळीतून बोट जाते ती वेल्टेनबुर्गच्या मठापाशी. मठात ब्रुअरी आहे, तिथली काळी बिअर नावाजलेली. एका दिवसात गव्हाची आणि काळी, दोन्ही परंपरा बघून होतात.

ब्रुअरीच्या टूरची आधी नोंदणी करा आणि इंग्रजीतली टूर कुठल्या वारी असते ते विचारून घ्या, कारण बहुतेक टूर जर्मनमध्ये असतात. बोटी फक्त मोसमात चालतात, उन्हाळ्यात अडचण नाही. परतीचा प्रवास रेल्वेनेच ठेवा, म्हणजे दोघांनाही चव घेता येईल. आणि पुण्यातल्या वाचकांनाही तेच सांगणं : घरून निघतानाच परतीची रिक्षा किंवा कॅब ठरवा.